वसतिगृहाचं आणि दवाखान्याचं स्वयंपाकघर: शंभर ते पाचशे पानांची व्यवस्था कशी बसवावी

हॉटेलात जेवण आवडलं नाही तर माणूस पुढच्या वेळी दुसरीकडे जातो. वसतिगृहातल्या मुलाला आणि वॉर्डातल्या पेशंटला ती सोय नसते. समोर येईल ते खायचं, नाहीतर ताट सरकवून उपाशी झोपायचं. हॉटेलवाल्याला आपली चूक गल्ल्यावर कळते. संस्थेच्या स्वयंपाकघराला ती कळण्यासाठी रोज मोजावं लागतं, लिहावं लागतं आणि जेवणाऱ्याला विचारावं लागतं. जिथे हे होत नाही तिथे आचारी कितीही हातखंडा असला तरी सहा महिन्यांत आमटीचं पाणी होतं.

सातारा-सांगलीकडे अशी स्वयंपाकघरं गावोगाव आहेत. शाळा-कॉलेजांची वसतिगृहं आहेत, आश्रमशाळा आहेत, कराड-मिरजेची मोठी रुग्णालयं आहेत. अधीक्षक, मेसचे व्यवस्थापक, दवाखान्याचे प्रशासक किंवा असं काम पहिल्यांदाच घेणारा बचत गट, यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पहिलं काम: पानं मोजा

मेन्यू, भांडी, ठेका या सगळ्याच्या आधी एकच आकडा हवा: आज या वेळेला नक्की किती जण जेवणार? पटावर 200 मुलं असली तरी शनिवारी संध्याकाळी गावी जाणारे जातात, यात्रेला वसतिगृह अर्धं रिकामं होतं आणि परीक्षेच्या दिवसांत सगळे हजर असतात. रोजचा अंदाज आचाऱ्यावर सोडला की तो टंचाईच्या भीतीने जास्तच शिजवतो. त्याचं चुकत नाही. कमी पडलं तर शिव्या त्यालाच बसतात, उरलं तर कुणी विचारत नाही.

म्हणून दोन वेळा ठरवून टाका. सकाळी नऊपर्यंत दुपारच्या जेवणाचा आणि दुपारी तीनपर्यंत रात्रीच्या जेवणाचा आकडा लेखी, सहीनिशी स्वयंपाकघरात गेला पाहिजे. दवाखान्यात हाच आकडा वॉर्डाच्या सिस्टरकडून येतो आणि त्यात ॲडमिशन, डिस्चार्ज, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेले पेशंट असं वेगळं लिहिलेलं असतं. उशिरा येणाऱ्यांसाठी तीन ते पाच टक्के वाढीव धरा, त्याहून जास्त नको.

वजनं: अंदाजाला इथे जागा नाही

200 मुलांचं रात्रीचं साधं जेवण घेऊ: चपाती, भाजी, आमटी, भात. माणशी कोरडं वजन असं धरता येतं: कणीक 120 ग्रॅम, तांदूळ 70 ग्रॅम, तूरडाळ 35 ग्रॅम आणि साफ केलेली भाजी 120 ग्रॅम. म्हणजे कणीक 24 किलो, तांदूळ 14 किलो, डाळ 7 किलो, भाजी 24 किलो. एक किलो तांदळाचा अडीच ते तीन किलो भात होतो. एक किलो डाळीची बेताची घट्ट आमटी साधारण सहा लिटर होते. सात किलोची झाली बेचाळीस लिटर, म्हणजे मुलामागे एक ओगराळं भरून 200 मिलिलिटर.

ते ओगराळं आधी पाण्याने मोजून घ्या. बाजारात एकाच आकाराची दिसणारी ओगराळी प्रत्यक्षात 120 मिलिलिटरची असतात आणि 250 चीही. माप ठरलेलं नसलं की पंगतीच्या सुरुवातीला बसलेल्यांना दोन ओगराळी मिळतात आणि शेवटच्या रांगेत कढईचा तळ खरवडावा लागतो. बरोबर मापाचं ओगराळं निवडून त्याच्या दांड्यावर खूण करा आणि वाढायला तेच वापरा.

भाजीत एक हिशेब हमखास चुकतो. मंडईतलं वजन आणि पातेल्यातलं वजन वेगळं असतं. वांगी, दुधी, कोबी यांत थोडंच वाया जातं. फ्लॉवरचा आणि मटाराच्या शेंगांचा जवळपास निम्मा भाग कचऱ्यात जातो, मेथीचंही तसंच. साफ केलेली 24 किलो मेथी हवी तर बाजारातून त्याच्या दुप्पट वजनाच्या पेंड्या उचलाव्या लागतील आणि त्या निवडायला माणसं लागतील. मेथी स्वस्त झाली म्हणून तक्त्यात घालणाऱ्याने निवडणाऱ्यांची मजुरी धरून भाव काढावा.

मजुरीवरून चपात्यांकडे येऊ. माणशी चार म्हणजे 800 चपात्या. लाटणारी आणि भाजणारी अशी सरावलेली जोडी तासाला शंभर-सव्वाशे चपात्या काढते. तीन जोड्यांना अडीच तास लागले. एक बाई आली नाही की जेवण अर्धा तास पुढे जातं. आठवड्यातून दोन रात्री मुगाची खिचडी-कढी किंवा भात आणि दाट उसळ ठेवली तर बायकांचे खांदे वाचतात आणि मुलंही खूश असतात. भाकरी दोनशे जणांना रोज देणं अवघड आहे, पण आठवड्यातून एकदा तरी द्यावीच. माण-खटावकडून आलेलं मूल चपातीने पोट भरतं आणि भाकरीने समाधानी होतं.

आठवड्याचा तक्ता

तक्ता करताना आधी प्रथिनं बसवा, मग बाकीचं. प्रत्येक मुख्य जेवणात डाळ किंवा कडधान्य, दिवसातून एकदा दूध, दही किंवा ताक, आणि जमेल तिथे आठवड्यातून दोनदा अंडं. शेंगदाण्याचं कूट या भागात घरोघरी आहे, त्याचा हिशोबात धरून उपयोग करा.

शाळांच्या दुपारच्या जेवणाला सरकारी प्रमाण ठरलेलं आहे. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, तर सहावी ते आठवीच्या मुलाला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत. त्यासाठी धान्य अनुक्रमे 100 आणि 150 ग्रॅम, डाळ 20 आणि 30 ग्रॅम, भाजी 50 आणि 75 ग्रॅम धरली आहे. हे एका वेळच्या जेवणाचं किमान प्रमाण आहे. वसतिगृहाने तिन्ही वेळा याच मापात बसवायचं ठरवलं तर वाढतं मूल उपाशी राहील.

कडधान्यांत कोरेगाव भागाचा वाघ्या घेवडा आपल्याकडचा आहे, चवीचा आहे, तो जरूर आणा. पण घेवडा आणि राजमा कच्चट राहिले तर उलट्या होतात. त्यांच्यातला विषारी घटक सावकाश उकडून जात नाही, खळखळून उकळल्यावरच जातो. रात्रभर भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळाखळा उकळायचा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवायचा. मोठ्या पातेल्यात मंद जाळावर ठेवून दिलेला घेवडा वरून शिजलेला दिसतो आणि मधे कच्चा असतो. दाणा बोटांत दाबला की पीठ झालं पाहिजे.

कांदा-लसूण चटणीशिवाय इथला स्वयंपाक होत नाही, तो होऊही नये. फक्त चटणीत मीठ आणि तेल आधीच असतं हे आचाऱ्याच्या लक्षात राहू द्या. नाहीतर कालवणात मीठ दोनदा पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं. महिन्याला किती किलो मीठ आणि तेल लागलं याला जेवणाऱ्यांच्या संख्येने भागून पाहा, आकडा स्वतःच बोलेल.

कोठी

कोठीची किल्ली एकाकडे आणि वही दुसऱ्याकडे, हा नियम पाळला तर निम्मी गळती थांबते. माल वजन करूनच आत घ्यायचा, पोत्यावर तारीख लिहायची आणि आधी आलेला आधी वापरायचा. पोती जमिनीवर नकोत. फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर रचा म्हणजे मागून झाडता येतं आणि उंदराची वाट दिसते.

हळद सांगलीत घ्यायची तर पूड घेऊ नका. हळकुंडं घेऊन समोर दळून आणा. पिवळ्या रंगासाठी हळदपुडीत शिशाचा क्रोमेट मिसळण्याचे प्रकार देशात सापडले आहेत, आणि शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. हळदीच्या बाजाराच्या गावात राहून पाकिटातली पूड घ्यायचं काही कारण नाही.

दुसरी गोष्ट डब्यांची. 2013 च्या जुलैमध्ये बिहारमधल्या छपराजवळच्या एका शाळेत दुपारचं जेवण खाऊन 23 मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेलं होतं. तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात औषधाचे रिकामे कॅन घराघरात असतात, धुऊन पाण्याला आणि तेलाला वापरले जातात. तुमच्या स्वयंपाकघरात बाहेरून आलेला एकही जुना कॅन नको. तेल कंपनीच्या सीलबंद डब्यातूनच यावं, आणि झुरळांचं औषध, फिनेल, ॲसिड कोठीत कधीच ठेवू नये. त्यांचं कपाट वेगळ्या खोलीत, कुलपात.

पाणी

कृष्णाकाठच्या संस्थांनी 2019 आणि 2021 चे पूर पाहिले आहेत. पूर ओसरल्यावर नळाला पाणी आलं म्हणून ते पिण्याजोगं झालं असं होत नाही. टाकी आधी रिकामी करून घासा. गढूळ पाणी तुरटीने निवळून घ्या, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घाला. हजार लिटरला पाच ग्रॅमपासून सुरुवात करा, अर्ध्या तासाने ओटी टेस्ट करा, म्हणजे काचेच्या नळीत ते पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाका. नळीतलं पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही तर मात्रा कमी पडली. एरवी नळाच्या टोकाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन पुरतं, पुराच्या आणि साथीच्या दिवसांत 0.5 हवं. उघडी पडलेली, ओलसर झालेली टीसीएल पावडर निकामी होते, त्यामुळे पिशवी घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवा. ही टेस्ट रोज सकाळी, त्याच माणसाने, नोंद करून.

घड्याळ आणि थर्मामीटर

अन्नातून होणाऱ्या बाधेचं मूळ बहुतेक वेळा एका गोष्टीत सापडतं: शिजलेलं अन्न कोमट अवस्थेत फार वेळ राहिलं. 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. शिजवताना अन्नाचा गाभा 75 अंशांवर जाऊ द्या, वाढेपर्यंत ते 60 च्या वर राहू द्या आणि गार ठेवायचं ते 5 च्या खाली ठेवा. टोचायचा डिजिटल थर्मामीटर आता सहज मिळतो. तो बरोबर आहे का हे पाहायचं तर ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात धरा, शून्य दाखवला पाहिजे.

रात्री दहाला उरलेली वीस लिटर आमटी झाकून ठेवा आणि सकाळी सहाला मधोमध थर्मामीटर खोचा. वरची साय थंड लागते, पातेल्याचा काठ थंड असतो आणि आतला गाभा अजून कोमट. रात्रभर तो जंतूंना हव्या त्या उबेत राहिलेला असतो. सकाळी उकळलं की सगळं मरतं अशी समजूत आहे. जंतू मरतात, पण काहींनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही. भातातल्या बॅसिलस सिरियसचं आणि हाताच्या जखमेतून येणाऱ्या स्टॅफिलोकोकसचं विष तसं आहे. म्हणून माझा ठाम सल्ला असा की भात, आमटी, रस्सा आणि मांसाहारी कालवण दुसऱ्या वेळेला वापरायचंच नाही. शिळ्या भाताचा फोडणीचा भात घरी चार माणसांत चालतो, दोनशे मुलांच्या पंगतीत नाही. उरणारच नाही इतकं नेमकं शिजवायचं, त्यासाठीच तर सुरुवातीला पानं मोजली.

शिजल्यापासून वाढेपर्यंत दोन तासांहून जास्त वेळ जात असेल तर स्वयंपाकाची वेळ बदला. दुपारच्या जेवणाची भाजी सकाळी सातला करून ठेवायची सवय मोडणं अवघड जातं, पण मोडलीच पाहिजे. वाढण्याआधी एका जबाबदार माणसाने चव घ्यायची, शाळेत ते शिक्षकांचं काम आहे. मग प्रत्येक पदार्थाची वाटीभर वानगी स्वच्छ झाकणाच्या डब्यात, तारीख-वेळ लिहून, फ्रिजमध्ये. मी ती 48 तास ठेवायला सांगतो.

दवाखान्यात काय वेगळं

इथे ताट हा उपचाराचा भाग आहे. आहारतज्ज्ञाने लिहिलेला आहार, वॉर्डातलं कार्ड आणि ताटावरची चिठ्ठी या तिन्हींवर तेच नाव आणि तोच नोंदणी क्रमांक हवा. नुसत्या खाट क्रमांकावर ताट देऊ नका, कारण रात्रीत पेशंटच्या खाटा बदलतात. मिरजेत कर्नाटकातूनही पेशंट येतात, सगळ्यांनाच मराठी चिठ्ठी वाचता येते असं नाही. आहाराला रंग ठरवून दिला, समजा मधुमेहाला हिरवी पट्टी आणि कमी मिठाला निळी, तर वाढणाऱ्या मावशींपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना कळतं.

वेळेची चूक इथे जिवाशी येते. सिस्टरने इन्सुलिन दिलं आणि ट्रॉली चाळीस मिनिटं उशिरा पोहोचली तर पेशंटची साखर खाली घसरते, घाम सुटतो, शुद्ध हरपू शकते. ट्रॉली निघाली की स्वयंपाकघरातून वॉर्डात फोन करायचा आणि ती दारात दिसल्यावरच जेवणाआधीचं इन्सुलिन द्यायचं, असं दोन्हीकडच्या प्रमुखांनी बसून ठरवावं. ट्रॉलीला उशीर होणार असेल तर तोही फोन आधी जायला हवा.

किडनीच्या पेशंटचा आहार सर्वांत नाजूक. त्यांना पोटॅशियम जपावं लागतं, त्यामुळे केळी, शहाळं, संत्री, टोमॅटोचं सार यांवर बंधन येतं. बटाटा-भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकडून, पाणी टाकून द्यायच्या. बाजारात 'लो सोडियम' म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. ते रक्तदाबाच्या पेशंटसाठी आणलं आणि डायलिसिसवाल्याच्या ताटात पडलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. स्वयंपाकघरात ते मीठ ठेवूच नका. आणि आषाढी-कार्तिकीला विशेष लक्ष द्या. उपवासाचं ताट म्हणजे बटाटा, रताळं, शेंगदाणे आणि साबुदाणा. पहिले तिन्ही डायलिसिसवाल्याला वाईट, साबुदाणा मधुमेह्याची साखर चढवतो. आजी एकादशी सोडणार नाहीत हे गृहीत धरा, आहारतज्ज्ञांकडून वरीच्या तांदळाचं मापातलं ताट आदल्या दिवशीच ठरवून घ्या, आणि घरचा डबा आला तर तो सिस्टरना दाखवायची पद्धत पाडा.

नळीतून द्यायचा आहार वेगळ्या ओट्यावर, वेगळ्या मिक्सरमध्ये, उकळलेल्या पाण्याने करायचा. चार तासांत संपला नाही तर फेकायचा.

माणसं

प्रत्येक कामगाराची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस अन्नसुरक्षेच्या नियमांतच आहे. संस्थेने उलाढालीप्रमाणे नोंदणी किंवा परवाना घ्यायचा असतो आणि तो दर्शनी भागात लावायचा असतो. कागद झाले. खरा प्रश्न हा की ज्या मावशींना आज जुलाब होत आहेत त्या तुम्हाला सांगतील का? दिवसाची मजुरी कापली जाणार असेल तर सांगणार नाहीत, कणीक मळायला उभ्या राहतील. उलटी-जुलाब थांबल्यावर 48 तास कामापासून लांब ठेवायचं आणि त्या दिवसांचा पगार द्यायचा. स्वयंपाकघराच्या अंदाजपत्रकात मला यापेक्षा महत्त्वाची दुसरी रक्कम दिसत नाही. हाताला जखम असलेल्या माणसाला उघडं अन्न हाताळायला देऊ नका. साबण आणि वाहतं पाणी ओट्यापाशीच हवं, पंधरा पावलं लांब असलं की हात धुतले जात नाहीत.

जेवणारी मुलंही या व्यवस्थेत घ्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सुरू केलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत आणि कामंही स्वतः करत. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांना जेवू घातलं. त्या जिल्ह्यातल्या वसतिगृहात मुलांची भोजन समिती नावापुरती असू नये. दर आठवड्याला दोन मुलं कोठीत वजनाला उभी राहावीत, दोन मुलांनी चव घ्यावी आणि टाकलेल्या अन्नाची बादली रोज तोलली जावी. कोणती भाजी टाकली जाते हे बादली सांगते, तक्ता त्यावरून बदलायचा.

ठेका द्यायचा असेल तर

दीडशे पानांपर्यंत संस्थेने स्वतःच चालवावं असं माझं मत आहे. त्याहून मोठं असेल आणि ठेका द्यायचा असेल तर निविदा काढण्याआधी वर दिलेल्या वजनांवरून कच्च्या मालाचा माणशी खर्च स्वतः काढा. त्यात गॅस, मजुरी, कामगारांचा पीएफ-ईएसआयसी (भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य विमा) आणि ठेकेदाराचा रास्त नफा मिळवा. एखाद्याने त्या आकड्याच्या खूप खाली दर भरला तर उरलेले पैसे तो डाळीतून आणि तेलातून काढणार, हे त्याने कबूल केल्यासारखंच आहे.

करारात वजनं ग्रॅममध्ये लिहा, 'पोटभर' लिहू नका. तेलाचा, डाळीचा ब्रँड किंवा प्रत लिहा. कमीत कमी किती पानांचे पैसे मिळणार ते लिहा, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत ठेकेदाराचे आचारी पळून जातील. घरगुती लाल सिलिंडर वापरायचा नाही, व्यावसायिक 19 किलोचाच. आणि बिल वेळेवर द्या. नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देणं कायद्याने बंधनकारक आहे. चार महिने बिल अडकलेल्या ठेकेदाराकडून चांगल्या डाळीची अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

बाधा झालीच तर

दोन-तीन जणांना एकाच वेळी उलट्या-जुलाब सुरू झाले की वाढणं थांबवा. आजारी मुलांना दवाखान्यात हलवा, 108 ला फोन करा. उरलेलं अन्न फेकू नका आणि पातेली घासू नका. झाकून, कुलूप लावून ठेवा. फ्रिजमधल्या वानग्या तिथेच राहू द्या. कोण जेवलं, कोण जेवलं नाही, कुणी काय खाल्लं आणि त्रास किती वाजता सुरू झाला याची यादी लगेच करा, दुसऱ्या दिवशी कुणालाच नीट आठवत नाही. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि अन्न व औषध प्रशासन यांना त्याच दिवशी कळवा, आणि पालकांना ही बातमी दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत तुम्ही स्वतः फोन करा.